केळीचा व्हिडिओ पाहून कोणाला काय समजलं, हे मॉडेलने ओळखता येईल का?

केळीपट्टा, रावेर
केळीच्या खतावर १४ मिनिटांचा व्हिडिओ आहे. आधी ५ × ५ फुटांवर एकरी रोपं किती, मग झाडाला २०० ग्रॅम नत्र द्यायला युरिया किती. नवव्या मिनिटाला बरेच जण मागे जाऊन तेच पुन्हा बघतात. या नोंदी बायेशियन नॉलेज ट्रेसिंगला (शिकणाऱ्याला एखादं कौशल्य येत असण्याची शक्यता मोजणारं मॉडेल) दिल्या तर चालेल का?

आकडेमोड, जळगाव
नाही चालणार, भाऊ. मागे जाणारा गोंधळलेला असेल, नाहीतर आकडा वहीत उतरवून घेत असेल. नोंद दोघांची सारखीच पडते. कॉर्बेट आणि अँडरसनचं हे मॉडेल चूक-बरोबर उत्तरांवर चालतं, म्हणून व्हिडिओतच प्रश्न घाला. एका प्रश्नात एकच कौशल्य. एकराचे ४३,५६० चौरस फूट भागिले २५, म्हणजे १,७४२ रोपं, हे एक. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून २०० भागिले ०.४६, म्हणजे सुमारे ४३५ ग्रॅम युरिया, हे दुसरं. दोन्ही एकत्र विचारलीत तर गाडी कुठे अडली ते कळायचं नाही. आणि व्हिडिओ युरियाच्या आधी तोडाच. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंच्या २०१४ च्या अभ्यासात व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याचा मध्यक ६ मिनिटांपुढे गेला नव्हता.

सांख्यिकी, धुळे
आकडे असे धरून बघा: आधीपासून येत असण्याची शक्यता ०.३, प्रत्येक प्रश्नागणिक शिकण्याची ०.१, अंदाजाने बरोबर येण्याची ०.२५ (चार पर्याय), येत असून चुकण्याची ०.१. पहिलं उत्तर बरोबर आलं की येत असण्याची शक्यता ०.६५, दुसऱ्याला ०.८८, तिसऱ्याला ०.९७. ०.९५ ओलांडलं की पुढचा भाग उघडा. हे आकडे ठरवायला सॉफ्टवेअरला मोकळं सोडलं तर कधी कधी अंदाज आणि चूक दोन्ही ०.५ च्या वर जातात. मग बरोबर उत्तर आलं की मॉडेल ‘येत नाही’ म्हणतं! अंदाजाला ०.३ आणि चुकीला ०.१ ची मर्यादा घाला. मूळ मॉडेलमध्ये विसरणं धरलेलंच नाही, तेव्हा आठवड्याने तेच कौशल्य नव्या आकड्यांवर पुन्हा तपासा.

त्याहून बरं म्हणजे पर्याय काढून आकडा टाईप करायला लावा. अंदाज जवळपास संपतो आणि चूकच बोलायला लागते. ९२ लिहिलं, तर भागायच्या जागी गुणलंय.

केळीपट्टा, रावेर
मग ९२ वाल्याला अख्खा व्हिडिओ परत दाखवायचा?

आकडेमोड, जळगाव
मुळीच नाही. ४५ किलोची गोणी दाखवा, तीत नत्र २०.७ किलोच आहे म्हणून सांगा. युरिया नत्रापेक्षा जास्तच लागणार हे त्याला तिथेच दिसतं. लगेच १५० ग्रॅम नत्राचा प्रश्न द्या. उत्तर ३२६ च्या आसपास यायला हवं.