हॉस्पिसची पारख नेमकी कशावरून करावी?

प्रश्न: सांजवात

माझे वडील ७३ वर्षांचे आहेत. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग असून तो यकृतापर्यंत पोहोचला आहे. केमोच्या चार फेऱ्या झाल्यावर डॉक्टरांनी मला आणि आईला समोर बसवून सांगितले की यापुढे केमोने त्रासच अधिक होईल, आता दुखणे आटोक्यात ठेवणे हाच उपचार. रात्री त्यांचे पोट आणि पाठ इतकी दुखते की त्यांना आडवे होता येत नाही. मांडीवर उशी घेऊन, पुढे वाकून ते पहाटेपर्यंत पलंगावर बसून राहतात.

आम्ही चिंचवडला राहतो. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे, भाऊ परदेशात आहे आणि मला नोकरी सोडता येण्यासारखी नाही. आमच्यापुढे तीन पर्याय आहेत: शहराबाहेरचे एक खासगी केंद्र, ज्याच्या फलकावर ‘हॉस्पिस’ (बरे न होणाऱ्या आजाराच्या रुग्णांची शेवटपर्यंत शुश्रूषा करणारी जागा) असे लिहिलेले आहे आणि जिथे वातानुकूलित खोलीसह महिन्याचे पॅकेज मिळते, एक धर्मादाय संस्था, जिथे पैसे घेत नाहीत पण खाट रिकामी होण्याची वाट पाहावी लागेल, आणि घरी येऊन सेवा देणारे एक पथक. खासगी केंद्र मी पाहून आले. फरशी लख्ख होती, स्वागतकक्षात ताजी फुले होती आणि माहिती देणारी मुलगी अतिशय अदबीने बोलत होती. परंतु परतताना रिक्षात माझ्या लक्षात आले की वडिलांच्या दुखण्याविषयी तिने एकही प्रश्न विचारला नव्हता.

आणखी एक अडचण आहे. आजार या थराला गेला आहे हे आम्ही वडिलांना सांगितलेले नाही आणि तिथेही कोणी सांगू नये अशी आईची इच्छा आहे. ज्यांनी हा प्रसंग जवळून पाहिला आहे त्यांनी कृपया सांगावे की अशा संस्थेत काय पाहावे, कोणाला काय विचारावे आणि कोणते उत्तर मिळाल्यास तिथून परत फिरावे.

उत्तर: कण्हेर

ताई, त्या मुलीने दुखण्याविषयी काहीच विचारले नाही हे तुम्ही टिपलेत, ते फार बरे झाले. मी एका कर्करोग रुग्णालयाच्या वेदनाशमन विभागात १९ वर्षे परिचारिका होते, त्या अनुभवावरून लिहिते.

पहिला प्रश्न व्यवस्थापकाला न विचारता वॉर्डातल्या सिस्टरना विचारा: ‘रात्री दोन वाजता वडिलांचे दुखणे वाढले तर तुम्ही काय करता?’ मला अपेक्षित असलेले उत्तर असे आहे की मॉर्फिनची गोळी घड्याळ लावून दर चार तासांनी चालूच असते, मध्येच दुखले तर जादा मात्रा किती द्यायची हे डॉक्टरांनी केसपेपरवर आधीच लिहून ठेवलेले असते, ती मात्रा सिस्टर स्वतः देतात आणि अर्ध्यापाऊण तासाने पुन्हा येऊन ‘आता दहापैकी किती दुखते आहे?’ असे विचारून आकडा लिहून ठेवतात. ‘डॉक्टरांना फोन लावतो’ एवढेच उत्तर मिळाले तर फोन उचलला न गेल्यास काय, हेही विचारा. ‘आम्ही पॅच लावतो’ असे म्हणाले तर मात्र सावध व्हा. फेंटानिल या वेदनाशामकाचा पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची पट्टी, हे चांगले औषध आहे, पण तो लावल्यावर पूर्ण गुण यायला बारा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो आणि तो साधारण ७२ तासांनी बदलतात. त्यामुळे रात्री दोन वाजता उसळलेल्या कळेवर तो उपयोगाचा नाही. जिथे मॉर्फिन ठेवलेलेच नसते, तिथे पॅचचे नाव पुढे केले जाते, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. जाता जाता सांगते, वडिलांना पॅच लावलाच तर त्यावर गरम पाण्याची पिशवी चुकूनही शेकू नका. उष्णतेने औषध एकदम अंगात उतरते.

मॉर्फिन का नाही असे विचारल्यावर ‘सरकारी परवानगी मिळत नाही’ असे सांगितले जाते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे पूर्वी वेगवेगळ्या खात्यांचे अनेक परवाने लागत आणि ते हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे, ही गोष्ट खरी आहे. पण २०१४ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या औषध नियंत्रकांची, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाची, एकच मान्यता पुरते. ज्या संस्थेला वेदनाशमन हेच आपले काम वाटते तिने ती घेतलेली असते. मान्यता आहे का आणि आज गोळ्यांचा साठा आहे का, असे सरळ विचारा. एकेका गोळीची नोंदवहीत नोंद ठेवणाऱ्या सिस्टरना या प्रश्नाचा राग येत नाही.

दुसरी खूण अगदी साधी आहे. मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून द्यावे लागते, कारण गुंगी चार दिवसांत ओसरते पण बद्धकोष्ठ ओसरत नाही. हे औषध तक्त्यावर नसेल, तर तिथले लोक मॉर्फिन वापरतात खरे, पण त्यांना ते वापरता येत नाही असे समजावे.

त्यानंतर वॉर्डातून एक फेरी मारा आणि रुग्णांचे ओठ पाहा. जो रुग्ण स्वतः पाणी मागू शकत नाही त्याचे तोंड कोणीतरी दर दोन-तीन तासांनी ओल्या बोळ्याने पुसते की नाही, हे ओठांवर लगेच दिसते: ओठ मऊ असतील तर पुसते, पापुद्रे धरले असतील आणि जिभेवर पांढरा थर असेल तर पुसत नाही. टाचा पाहा, कुशी बदलल्याच्या वेळा लिहिल्या आहेत का पाहा. वास हाही पुरावा आहे. चिघळलेल्या जखमेची दुर्गंधी मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून ती पूड जखमेवर पसरली तरी बरीच कमी होते, आणि ज्याची जखम असते त्याला माणसांत बसण्याचा संकोच उरत नाही. फिनेलचा उग्र दर्प मला नेहमी संशयास्पद वाटत आलेला आहे.

वडिलांना न सांगण्याविषयी: ‘आम्ही अजिबात सांगणार नाही’ असे झटकन कबूल करणारे लोकही नकोत आणि दाखल होताच सगळे सांगून टाकणारेही नकोत. चांगल्या ठिकाणी कोणीतरी आधी आईंना वेगळे बसवून त्यांची भीती ऐकून घेते आणि मग वडिलांना विचारते, ‘काका, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय वाटते?’ माझ्या अनुभवात बहुतेक काकांना सारे ठाऊक असायचे आणि ते बायकोला त्रास नको म्हणून गप्प असायचे.

उत्तर: पायवाट

कण्हेर यांनी लिहिलेल्या रात्री दोनच्या प्रश्नाचे मोल मी दुर्दैवाने अनुभवले आहे. पत्नीला बीजाशयाचा कर्करोग होता. आम्ही ज्या केंद्रात गेलो त्याचे नाव लिहीत नाही, पण बाग, देवघर, संध्याकाळी भजन असे सारे तिथे होते. अकराव्या रात्री तिला असह्य कळा सुरू झाल्या तेव्हा पूर्ण मजल्यावर रुग्णसेवक पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेला, विशीतला एक मुलगा तेवढा हजर होता. त्याने साधे वेदनाशामक इंजेक्शन दिले, तासाभराने पुन्हा तेच दिले, आणि मग व्यवस्थापकांनी फोनवरून रुग्णवाहिका बोलावली. जिच्यासाठी अतिदक्षता विभाग नको असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले होते, तिचे तीन दिवस अतिदक्षता विभागात गेले आणि मला दिवसातून दोनदा दहा मिनिटे भेटता आले. त्या मुलाला मी दोष देत नाही. तो बिचारा रडकुंडीला आला होता आणि त्याला काहीही शिकवलेले नव्हते.

नंतर कळले की त्या जागेची नोंदणी वृद्धाश्रम म्हणून होती. म्हणून सांगतो, फलकावर काय लिहिले आहे ते सोडा आणि नोंदणी नर्सिंग होम म्हणून आहे का, ते कागद मागून पाहा. रात्रपाळीला प्रशिक्षित परिचारिका किती आणि रुग्ण किती, हेही विचारा आणि शक्य असल्यास रात्री नऊनंतर स्वतः जाऊन या. ‘तुमच्याकडचे रुग्ण शेवटपर्यंत इथेच राहतात, की अखेरीस तुम्ही त्यांना रुग्णालयात हलवता?’ हा प्रश्न मी विचारला नाही, याची खंत मला आजही आहे. हे सारे कार्यालयात विचारण्यापेक्षा डबा घेऊन जिन्यात बसलेल्या नातेवाइकांना विचारावे. ते खरे काय ते सांगतात.

उत्तर: निंबोणी

मी भूलतज्ज्ञ असून सध्या वेदना व्यवस्थापनाचे काम करते. वरील दोन्ही उत्तरांना पूरक असे थोडे लिहिते.

वडिलांचे पुढे वाकून बसणे हे स्वादुपिंडाच्या दुखण्याचे ठळक लक्षण आहे. पोटाच्या मागच्या बाजूला असलेल्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन ती वेदना थोपवता येते. याला सीलियाक प्लेक्सस ब्लॉक म्हणतात आणि त्यामुळे अनेकदा मॉर्फिनची मात्राही कमी करता येते. हॉस्पिसमध्ये ही सोय नसते आणि असावी असेही नाही. मात्र ‘यांना ब्लॉकचा उपयोग होईल का आणि त्यासाठी तुम्ही कुठे पाठवता?’ असे विचारल्यावर तिथले डॉक्टर गोंधळले, तर रुग्णाच्या आजाराचा विचार न करता सर्वांना एकच साचा लावला जातो, असे मी समजेन. पुढे कावीळ वाढली तर अंगाला रात्रंदिवस खाज सुटते, तिच्यासाठी काय करता हेही विचारून ठेवा. खाजेला लोक किरकोळ समजतात, पण ती रुग्णाची झोप पार घालवते.

पायवाट यांच्या पत्नीच्या बाबतीत जे झाले ते टाळण्यासाठी ‘अतिदक्षता विभाग नको, छातीवर दाब देऊन पुनरुज्जीवन नको’ हा निर्णय दाखल होतानाच चर्चा करून केसपेपरवर लिहिला जातो का, ते पाहा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते, दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही. परंतु हे इच्छापत्र करायचे तर वडिलांना आजाराची कल्पना असणे भाग आहे. आईंशी बोलताना हेही त्यांच्यापुढे ठेवावे.

पैसे न घेणाऱ्या संस्थेबद्दल मनात शंका असल्यास ती काढून टाका. देशातले पहिले हॉस्पिस मानले जाणारे वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ साली सुरू झाले आणि पुण्यात वारज्याचे सिप्ला केंद्र १९९७ पासून चालते. दोन्हीकडे सेवा विनामूल्य आहे. चांगल्या ठिकाणी कधी कधी रुग्णाला दहा-पंधरा दिवस ठेवून, औषधांची मात्रा बसवून, घरच्यांना सारे शिकवून परत घरी पाठवतात. लोकांना ही टाळाटाळ वाटते, पण माझ्या मते हे उत्तम सेवेचे लक्षण आहे.

सांजवात

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. काल खासगी केंद्रात पुन्हा जाऊन रात्रीचा प्रश्न विचारला. ‘तशी वेळ सहसा येत नाही’ असे उत्तर मिळाले, म्हणून मी तो पर्याय सोडला.

धर्मादाय संस्थेतील सिस्टरनी मी काही बोलण्याआधीच ‘वडील रात्री कसे झोपतात?’ असे विचारले. मी त्यांच्या बसण्याविषयी सांगितल्यावर त्यांनी ते कागदावर लिहून घेतले आणि तिथल्या डॉक्टरांनी ब्लॉकसाठी चिठ्ठीही दिली. वडिलांचे नाव प्रतीक्षायादीत घातले आहे. तोवर घरी येणाऱ्या पथकाची सेवा सुरू केली आहे. त्यांनी मॉर्फिनच्या वेळांचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला, जादा मात्रा कधी द्यायची ते आईकडून तीन वेळा म्हणवून घेतले आणि रात्री फोन घेणाऱ्या डॉक्टरांचा क्रमांक दिला. परवा रात्री सव्वा वाजता मी तो क्रमांक लावला आणि दुसऱ्याच रिंगला उचलला गेला. वडील काल चार तास आडवे झोपले.

एक शंका राहिली आहे, विचारताना जड जाते. खाट मिळण्यापूर्वी घरीच काही झाले तर दाखल्याचे काय करायचे असते?

कण्हेर

चार तासांची झोप वाचून फार बरे वाटले. शंका रास्त आहे आणि ती आधीच विचारावी. घरी मृत्यू झाल्यास उपचार करणारे डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा दाखला नमुना ४अ मध्ये देतात. तो असल्याशिवाय स्मशानभूमीत अडचण येते आणि ऐन वेळी अनोळखी डॉक्टर तो द्यायला कचरतात. म्हणून पथकाच्या डॉक्टरांना आजच विचारा की रात्री-अपरात्री ते स्वतः येऊन दाखला देतील का, आणि ते नसतील तेव्हा कोण येईल. त्यांचे नाव आणि क्रमांक फ्रिजवरच्या त्याच तक्त्याखाली लिहून ठेवा. रुग्णालयाचे शेवटचे कागद, बायोप्सीचा अहवाल आणि वडिलांच्या आधार कार्डाची प्रत एका पिशवीत घालून, ती पिशवी कुठे आहे हे आईंनाही दाखवून ठेवा.