शब्द हवा: ‘पुनर्मुद्रण’ की ‘प्रतिकृती’?

रानजाई: जपानी छापचित्रांवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. टोकियोतली अदाची संस्था जुना जपानी चित्रकार होकुसाई याची ‘लाट’ आजही छापते. मूळ लाकडी ठसे उरलेले नाहीत. जुन्या छापावरून रेषा उतरवायच्या, तो पातळ कागद रानचेरीच्या फळीवर उपडा चिकटवायचा आणि त्यावरूनच कोरायचं. मी ‘पुनर्मुद्रण’ लिहिलं, संपादक ‘प्रतिकृती’ करा म्हणतात. मला पटत नाही.

जुळारी: संपादकांचं निम्मं बरोबर आहे. ठसाच नवा, तर ‘पुनर्’ कसलं? आणि ‘मुद्रण’ तरी कुठे आहे? यंत्र नाही. ओलसर कागद रंगवलेल्या फळीवर ठेवून पाठीमागून बारेननं घासतात. बारेन म्हणजे बांबूच्या कोंबावरच्या सालीत गुंडाळलेली चकती. सरळ ‘छाप’ म्हणा.

देवनागर: मुद्रणाला यंत्रच लागतं हे कुणी ठरवलं? शिवरायांची राजमुद्रा काय यंत्रावर उमटत होती? ‘छाप’ तर हिंदीचा.

जुळारी: छापा-काटा करताना हिंदी बोलता का तुम्ही? मिरजेला 1805 साली तांब्याच्या पत्र्यांवर कोरून गीता छापली, तिलाही आपण ‘छापील’च म्हणतो.

आडवाट: मला ‘प्रतिकृती’ खटकते. होकुसाई फक्त रेखाटायचा. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, पैसा प्रकाशकाचा. रेखाटनाचा कागद कोरतानाच नष्ट व्हायचा. मग ‘मूळ’ कशाला म्हणायचं? ‘फेरकोरणी’ लिहा.

देवनागर: फेरकोरणी? कोशात दाखवा.

आडवाट: फेरतपासणी, फेरमतदान चालतं, मग हा का नाही?

नवानगर: त्यापेक्षा लेखात ‘पुनरुज्जीवन’ असेल तर ते आधी काढा. प्रकाशक वातानाबे शोझाबुरोंची चळवळ ‘शिन-हांगा’, म्हणजे नवी छापचित्रं. पद्धत जुनी, पण चित्रकार कावासे हासुईकडून पावसाची, बर्फाची नवी दृश्यं काढून घेतली. 1923 च्या भूकंपानंतरच्या आगीत ठसे गेले, तरी माणूस थांबला नाही. त्याला पुनरुज्जीवन म्हणणं अन्याय आहे.

रानजाई: टोकियोच्या आसाकुसा भागातल्या मोकुहान्कान या छापचित्रांच्या कार्यशाळेला काय म्हणाल? डेव्हिड बुल यांच्याकडे जुनी चित्रं नव्यानं कोरतात आणि आजच्या चित्रकारांचीही छापतात. माझा शब्द त्यासाठीच हवाय.

जुळारी: जपानी चित्रकार योशिदा हिरोशींनी अजिंठा-वेरूळची छापचित्रं केलीत. लेखात ती आहेत का?

नवानगर: अजिंठ्याचं पाहिलंय! पण नाव ‘योशिदा’ की ‘योषिदा’?

देवनागर: ‘योशिदा’च. ‘ष’ इथे कशाला?