मदत हवी आहे: हार्मोनची तांबी बसवून चार महिने होत आले, डाग थांबत नाहीत. काढून टाकू का?

नमस्कार मैत्रिणींनो,

मी देवगड तालुक्यातली. वय ४३, दोन मुलं, घरची कलमांची बाग. गेली तीन वर्षं पाळी म्हणजे आठ-नऊ दिवस नुसता पूर. दिवसाला सहा-सात पॅड, बोराएवढ्या गाठी, रात्री खाली प्लास्टिक घालून झोपायचं. यंदा एप्रिलात आंब्याच्या पेट्या भरायला बसले होते. उठले तर खालच्या पेंढ्यावर लाल डाग. समोर दोन गडी उभे. तेवढा पेंढा गोळा करून पदराखाली धरला आणि मागच्या दाराने गेले. त्याच दिवशी ठरवलं, आता दाखवायचंच.

कणकवलीला दाखवलं. हिमोग्लोबिन ७.८. सोनोग्राफीत पिशवी सुजल्यासारखी, आतलं अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरलेलं, अ‍ॅडेनोमायोसिस म्हणाले. आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, तो चांगला आला. ओळखीच्या सगळ्याजणी एकच सांगत होत्या, पिशवी काढून टाक नि मोकळी हो. आमच्या वाडीत चाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या चौघी आहेत. डॉक्टरबाई मात्र म्हणाल्या, घाई नको, आधी पिशवीच्या आत ही हार्मोनची तांबी बसवून बघू. मेच्या पहिल्या आठवड्यात बसवली. लोहाच्या गोळ्याही चालू आहेत.

आता माझी अडचण. पूर थांबला, हे खरं. पण रोज थोडं थोडं तपकिरी, कधी लालसर जातच राहतं. कॅलेंडरवर खुणा करते. जुलैत १८ दिवस, ऑगस्टमध्ये आतापर्यंत १४. एका छोट्या लायनरवर भागतं, पण कपडे वाळत नाहीत या पावसात, आणि मन सारखं तिथेच. सासूबाई काळजीने विचारतात, "रगात आत साठान ऱवला तर काय करतलंस गो?" त्यांना उत्तर द्यायला मला काही येत नाही.

त्यात गणपती तीन आठवड्यांवर. आमच्याकडे पाच दिवसांचा, मूळ घर, पंचवीस-तीस माणसं येतात. नैवेद्य नि मोदक माझ्याकडे. पाळीत बाजूला बसायची आमच्याकडे पद्धत आहे. पण रोजच डाग असेल तर मी बाहेरची कधी नि घरातली कधी? पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या याबरोबर चालतात का? की तांबीच काढून टाकू? ज्यांनी बसवली आहे त्यांनी कृपया खरं खरं सांगा.

वेंगुर्ल्याची लेक
ताई, मला तीन वर्षं झाली. पहिले पाच महिने अगदी तुमच्यासारखेच गेले. मीही काढायला निघाले होते, एसटीत बसले सुद्धा. मग सहाव्या महिन्यात डाग कमी होत गेले, आणि आठव्यापासून महिन्यातून दोन दिवस अगदी जरासं. आता वर्षभर काहीच नाही. तुम्ही सहा महिने तरी धरून ठेवा असं मला वाटतं. पण माझं शरीर वेगळं, तुमचं वेगळं.

निवृत्त सिस्टर, रत्नागिरी
तुमच्या सासूबाईंना आधी उत्तर देते, कारण हा प्रश्न मी तीस वर्षं ऐकला आहे. रक्त आत साठत नाही. साठायला ते तयार व्हावं लागतं. दर महिन्याला पिशवीच्या आत अस्तराचा थर वाढतो आणि तो गळून पडतो, तीच पाळी. या तांबीत खरं तर तांबं नसतंच. त्या इंग्रजी टी आकाराच्या प्लास्टिकवर लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं. नेहमी बसवतात तिच्यात ५२ मिलिग्रॅम, आणि सुरुवातीला रोज साधारण २० मायक्रोग्रॅम सुटतं. त्याने अस्तर वाढतच नाही, पातळ राहतं. शेतात गवतच उगवलं नाही तर कापायचं काय? सासूबाईंना असंच सांगा.

सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात ती तांब्याची कॉपर-टी वेगळी. तिच्याने उलट अंगावरून जास्त जातं. गावात दोघींना एकच नाव, म्हणून बायका घाबरतात.

डागांचं म्हणाल तर पहिले तीन ते सहा महिने हे होतंच. जुनं अस्तर एकदम जात नाही, तुकड्या-तुकड्याने जातं, आणि पातळ अस्तरातल्या नाजूक रक्तवाहिन्या पाझरत राहतात. पण तुमचाच हिशोब बघा. आधी एका पाळीत पन्नासएक पॅड, आता महिन्याला अठरा लायनर, तेही पुरते भिजत नाहीत. दिवस वाढले, रक्त कितीतरी घटलं. एकदा हिमोग्लोबिन तपासा, कागदावर दिसेल. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

वर्षभरात साधारण पाचातल्या एकीची पाळी पूर्ण थांबते. तो म्हातारपणाचा रजोनिवृत्तीचा प्रकार नव्हे. बहुतेकींची बीजकोषं आपलं काम करतच असतात. तांबी काढली की पाळी पुन्हा सुरू होते.

आता थांबून बघायचं नाही असं काय, तेही सांगते. एकदम पहिल्यासारखा पूर आला, तर तांबी सरकली किंवा बाहेर पडली असेल. जास्त अंगावरून जाणाऱ्या बायकांमध्ये ती निसटण्याचा धोका थोडा अधिक असतो. ताप, ओटीपोटात जोराची कळ, घाण वासाचं पाणी, तांबीला खाली असतो तो दोरा हाताला न लागणं किंवा टोचणं, दिवस गेल्याची शंका, यातलं काहीही झालं तर गणपती असो नसो, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आणि पाळी ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. तुमच्या अंगात एक हार्मोन चालू आहे, त्यावर दुसरं स्वतःच्या मनाने नको. डागांवर थोड्या दिवसांचं औषध देता येतं, ते डॉक्टरांनाच विचारा.

आबोली
दुसरी बाजूही असावी म्हणून लिहिते. मी सात महिन्यांनी काढली. डाग थांबले नाहीत, चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या, मन उदास राहायचं. नंतर कळलं की पिशवीच्या आत गाठ होती, ती आधी नीट दिसली नव्हती. ती काढल्यावर मी बरी झाले. काढताना दोन मिनिटं लागली, थोडी कळ आली, बस. म्हणजे नाहीच जमलं तर आपण अडकून पडत नाही, हे लक्षात असू दे. पिशवी काढली तर ती परत बसवता येत नाही.

किनारा
बाजूला बसण्याबद्दल. माझ्या आईला शेवटी शेवटी असाच रोजचा डाग होता. आजीने गुरुजींना वगैरे विचारलं नाही. म्हणाली, ही पाळी नाही, हे दुखणं आहे, दुखण्याला विटाळ नसतो. आईने त्या वर्षी सगळा नैवेद्य केला. तुमच्या घरात कसं चालेल ते तुम्हीच जाणता. पण सासूबाई काळजी करणाऱ्या दिसतात, त्यांच्याशी उघड बोलून बघा.

मूळ लेखिका
सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टरताई, तुमचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. गवताचं ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "मगे माज्या टायमाक ह्यां व्हतां काय?" नव्हतं म्हटलं. त्यांना पाच बाळंतपणं झाली आणि पन्नाशीपर्यंत अंगावरून जात होतं, हे मला परवा पहिल्यांदा कळलं.

काल रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १०.६. १२ च्या वर हवं, पण जिना चढताना आता कठड्याला धरावं लागत नाही.

डॉक्टरबाईंना फोन केला. सोमवारी दोरा आणि सोनोग्राफी बघणार आहेत. आबोलीताई, गाठीचं मुद्दाम विचारते. सगळं जागेवर असेल तर दसऱ्यानंतरपर्यंत ठेवायची, म्हणजे सहा महिने पुरते होतील. मोदकांचं सासूबाई म्हणाल्या, उकड त्या काढतील, वळायला मी नि जाऊबाई.

एकच राहिलं. दोरा महिन्यातून एकदा बघायला सांगितलं आहे, पण मला बोटाला काही लागत नाही, भीतीही वाटते. उकिडवं बसून बघायचं की पाय वर ठेवून? कुणाला सोपं गेलं असेल तर सोमवारच्या आत सांगा.