मदत हवी आहे: क्रोएशियात शिडाची बोट – स्प्लिट ते दुब्रोव्हनिक, की फिरून परत स्प्लिट?

केदार_तळेगाव
नमस्कार मंडळी, घाईत आहे म्हणून थेट मुद्द्यावर येतो. आमचा ग्रुप क्रोएशियात आठवड्यासाठी शिडाची बोट भाड्याने घेतोय. बोट स्प्लिटला ताब्यात मिळेल. एजंटने दोन पर्याय दिलेत. एक, बेटं करत करत दुब्रोव्हनिकला जायचं आणि बोट तिथेच सोडायची. दुसरा, फिरून पुन्हा स्प्लिट. एकेरीचे जास्त पैसे मागतोय. निम्मी रक्कम उद्या संध्याकाळपर्यंत भरायची आहे, नाहीतर बोट दुसऱ्याला जाणार. जमलं तर कोटोरपण करायचंय, नकाशावर दुब्रोव्हनिकच्या अगदी खाली दिसतंय. कुठला पर्याय घेऊ? 'गूगल करा' म्हणणाऱ्यांनी कृपया तसदी घेऊ नये.

खारा_वारा
महिना कुठला? माणसं किती? बोट एक सांगाड्याची की कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांची? आणि तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, कोण? हे कळल्याशिवाय कोणीही काहीही सांगितलं तरी ते हवेतलंच असेल.

बाबूराव_ठाणे
शिडाच्या भानगडीत पडूच नका. गुलेट घ्या. लाकडी मोठी बोट, कॅप्टन त्यांचा, स्वयंपाकी त्यांचा, खोलीला स्वतंत्र बाथरूम. आम्ही तुर्कस्तानात केली होती, अप्रतिम. दिवसभर डेकवर लोळायचं.

केदार_तळेगाव
बाबूराव, गुलेट नकोय, धाग्याचं नाव वाचा. खारा_वारा, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. आम्ही दहा जण. बोट मोठी आहे, शेहेचाळीस फुटी. चालवायचा प्रश्न नाही, मेव्हण्याकडे लायसन्स आहे. पुन्हा विचारतो: दुब्रोव्हनिक की स्प्लिट?

मीनल_रीडिंग
लायसन्स कुठलं? इथेच बरेच जण अडकतात. क्रोएशियात बोट स्वतः चालवायची तर तिथल्या सरकारने मान्य केलेलं लायसन्स लागतंच, शिवाय व्हीएचएफ रेडिओचं वेगळं प्रमाणपत्र. तिथलं मंत्रालय मान्य लायसन्सांची देशवार यादी काढतं. बंदर अधिकारी समुद्रात थांबवून कागद बघू शकतात, तेव्हा 'ह्याला सगळं येतं' सांगून चालत नाही.

सुगरण_सई
स्प्लिटला कोन्झुम आणि टॉमी अशी दोन सुपरमार्केटं सगळीकडे आहेत. तांदूळ, कांदे, बटाटे, टोमॅटो तिथेच मिळतात. मसाले आणि मूगडाळ इथून न्या. बोटीवर गॅस असतो, छोटा कुकर जरूर न्या. कोनोबा म्हणजे तिथली घरगुती खानावळ. शाकाहाऱ्यांनी ब्लितवा मागायची, पालेभाजी आणि बटाटा, लसूण घातलेली. सोपार्निक पण मिळाला तर खा, तोही पालेभाजीचाच. पेका आधी सांगून ठेवावं लागतं, निखाऱ्याखाली बराच वेळ शिजतं, पण ते मटणाचं किंवा ऑक्टोपसचं.

केदार_तळेगाव
सई ताई, धन्यवाद, पण जेवणाचं विचारलंच नाहीये. मीनल, मेव्हणा तुमच्याच बाजूला असतो, इंग्लंडमध्ये. त्याने डे स्किपर, म्हणजे बोट चालवण्याचा, कोर्स केलाय. प्रॅक्टिकल पण.

मीनल_रीडिंग
मग त्याला आजच विचारा: आयसीसी, म्हणजे बोट चालवायचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, काढलंय का? नुसत्या डे स्किपरच्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. त्याच्या जोरावर आयसीसी मिळतं, तो इंग्लंडमध्ये राहतो म्हणजे अर्ज करता येईल. व्हीएचएफचा कोर्स एका दिवसाचा असतो. दोन्ही कागद स्कॅन करून ज्यांची बोट आहे त्यांना पाठवा आणि 'चालेल' हे लेखी घ्या. एजंटच्या तोंडी 'हो हो'ला काही अर्थ नाही.

जुना_खलाशी
कागद असून काय उपयोग? तिथे बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत, मागची बाजू धक्क्याकडे करून उलटी रेटत न्यायची, पुढून तळातली मूरिंगची, म्हणजे बोट जागेवर धरणारी, दोरी उचलून बांधायची, आणि हे सगळं दोन बोटींच्या फटीत. आडवा वारा असला की भल्याभल्यांना घाम फुटतो. मेव्हण्याने शेहेचाळीस फुटी बोट कधी हाताळली आहे का?

खारा_वारा
खलाशीकाका बरोबर बोलतायत. पण मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

तुमचा 'आठवडा' आठवड्याचा नसतो. तिथे भाडं शनिवार ते शनिवार. बोट साधारण संध्याकाळी पाचला हातात येते, सामान भरा, तपासणी करा, पहिली रात्र मरिनातच, म्हणजे बोटींच्या धक्क्यावरच, जाते. शुक्रवारी संध्याकाळी बोट परत आणायची, शनिवारी सकाळी नऊपर्यंत सामानासकट खाली. म्हणजे फिरायला रविवार ते शुक्रवार. त्यात शुक्रवारी दुपारी स्प्लिटच्या डिझेल पंपावर ही मोठी रांग.

शिडाची बोट ताशी पाच-सहा सागरी मैल जाते. स्प्लिट ते दुब्रोव्हनिक बेटांमधून शंभराच्या वर मैल भरतात. अंतर जमण्यासारखं आहे, पण रोज चार-पाच तास नुसता प्रवास, आणि एखादा दिवस वाऱ्याने खाल्ला की उरलेले दिवस इंजिनावर पळापळ. परत स्प्लिट करणार असाल तर शोल्ता, ब्राच, ह्वार, व्हिस एवढीच बेटं करा. मधल्या पट्ट्यात कुठूनही एका दिवसात परत येता येतं. माझं मत स्प्लिट.

जुना_खलाशी
असहमत. एकेरी जायचं असेल तर स्प्लिटहून दक्षिणेकडेच. माएस्त्राल वारा वायव्येचा असतो, दुपारी सुटतो, मावळतीला पडतो. पाठीवर घेऊन जायचं, कोर्चुला, म्ल्येत ही बेटं करत. म्ल्येतच्या पश्चिम टोकाला राष्ट्रीय उद्यान आहे, पोलाचेच्या खाडीत रोमन वाड्याच्या भिंती उभ्या आहेत. ह्वारमध्ये काय आहे? गर्दी आणि महागडं जेवण.

खारा_वारा
काका, माएस्त्राल हा भर उन्हाळ्याचा वारा. हे लोक सप्टेंबरअखेर जातायत. तेव्हा तो ढिला पडतो आणि युगो डोकं वर काढतो, म्हणजे आग्नेयेचा, ढग, पाऊस आणि दोन-दोन दिवस वाढत जाणारी लाट. दुब्रोव्हनिकला जाताना तो थेट तोंडावर. आणि शनिवारी बोट तिथे द्यायचीच आहे, थांबायची सोय नाही. परतीच्या फेरीत निदान एखाद्या खाडीत दिवस काढता येतो.

जुना_खलाशी
आणि बुरा आला तर तुमच्या स्प्लिटलाही बसतोच की! ईशान्येचा, डोंगरावरून खाली कोसळतो, कोरडा, झोत अचानक.

खारा_वारा
बसतो. म्हणून तर रोज सकाळी हवामान बघून ठरवायचं, आधी हॉटेलं बुक केल्यासारखा मार्ग ठरवायचा नाही.

प्रवासी_पक्षी
कुना, म्हणजे तिथलं चलन, इथून बदलून घेऊ नका, तिकडे भाव चांगला मिळतो. आणि दुब्रोव्हनिकहून बसने स्प्लिटला येताना मध्ये बॉस्निया लागतो, न्यूम नावाचं गाव, तिथे पासपोर्ट तपासतात. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर पंचाईत.

मीनल_रीडिंग
पक्षीभाऊ, हे जुनं झालं. १ जानेवारी २०२३ पासून तिथे युरो आहे, त्याच दिवशी ते शेंगेनमध्येही, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसाच्या गटात, आले. आणि जुलै २०२२ मध्ये पेल्येशाचचा पूल सुरू झाला, आता क्रोएशियातूनच स्प्लिटला येता येतं.

प्रवासी_पक्षी
आमच्या वेळी कुनाच होता. पूल बघायला हवा.

केदार_तळेगाव
वाद छान चाललाय, पण माझं कोटोर कुठे गेलं?

मीनल_रीडिंग
कोटोर मॉन्टेनेग्रोत, म्हणजे शेंगेनच्या बाहेर. बोटीने जायचं तर आधी क्रोएशियाच्या बंदरावर, दुब्रोव्हनिक किंवा त्साव्तातला, सगळ्यांचे पासपोर्ट दाखवून बाहेर पडल्याची नोंद, मग पलीकडे आत येण्याची नोंद, आणि परत येताना पुन्हा तेच उलट. मॉन्टेनेग्रो भारतीयांना शेंगेन व्हिसावर आत घेतं, पण क्रोएशियात परतायला तुमचा व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. शिवाय बोट देशाबाहेर न्यायची परवानगी मालकाने द्यायला हवी. सहा दिवसांत हे करू नका. दुब्रोव्हनिकहून दिवसाची बस जाते, कोटोर हवंच असेल तर तसं करा, व्हिसाची अट मात्र तीच.

रश्मी_नाशिक
दहा माणसांना टॉयलेट किती? हा प्रश्न कोणी विचारला नाही म्हणून विचारते. बोटीतली टॉयलेटं पंपाची असतात, कागद टाकला की तुंबतात, आणि पाण्याची टाकी मोजकी. आमच्याकडे एका काकूंनी पहिल्याच संध्याकाळी डोकं धुतलं आणि टाकी बरीच खाली गेली.

केदार_तळेगाव
टॉयलेटं दोन. केबिन चार. आठ अधिक दोन झोपायच्या जागा असं लिहिलंय. आई-बाबा सलूनमध्ये, म्हणजे बोटीतल्या बैठकीच्या जागेत, झोपतील.

खारा_वारा
आई-बाबा??

केदार_तळेगाव
हो, आम्ही चार जोडपी आणि माझे आई-बाबा. सत्तरीचे आहेत, पण तब्येत ठणठणीत. आईला पोहता येत नाही, तेवढंच.

खारा_वारा
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. 'अधिक दोन' म्हणजे सलूनमधलं टेबल खाली करून त्यावर गादी. रोज रात्री सगळे तिथून उठून जाईपर्यंत ते जागे, रोज सकाळी पहिला चहा करणारा त्यांच्या डोक्यावर. एक सांगाड्याची बोट वाऱ्यात कलते. तुम्हाला मजा येईल, त्यांना येणार नाही. धक्क्यावर उतरायला तर फळीवरून चालत जायचं.

आणि मेव्हण्याचं नाही जमलं तर भाड्याचा स्किपर, म्हणजे तांडेल, लागेल. तो अकरावा. बोटीच्या कागदावर दहाच माणसं लिहिली असतील तर दहाच. त्याला झोपायला जागा द्यावी लागते, जेवणही तुमच्या वर्गणीतून. मानधन दिवसाला दोनशे युरोच्या आसपास धरा.

बाबूराव_ठाणे
मी पहिल्यापासून काय म्हणतोय? गुलेट.

जुना_खलाशी
सत्तरीचे असले म्हणून काय झालं. आमच्या दाभोळला सत्तरीचे लोक रोज होडीत चढतात.

रश्मी_नाशिक
काका, ते आयुष्यभर चढतायत.

डॉ_हर्षा
आई-बाबांना बोट लागण्याची गोळी निघण्याआधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर नाही. पण अशा गोळ्यांनी गुंगी येते आणि रक्तदाबाची वगैरे औषधं चालू असतील तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. लाइफ जॅकेट बसतंय का ते मरिनातच घालून बघा. खडकाळ किनाऱ्यावर समुद्री साळिंदरं, म्हणजे काटेरी गोळ्यांसारखे प्राणी, असतात, सगळ्यांना रबरी चपला.

केदार_तळेगाव
मेव्हण्याशी बोललो. आयसीसी नाहीये. व्हीएचएफपण नाही. तो म्हणतो काढतो. एजंट म्हणतो ह्याच पैशांत काही होणार नाही, पण पंचेचाळीस फुटी कॅटामरान आहे, चार केबिन, सलूनमध्ये दोघं, पुढच्या टोकाला स्किपरसाठी छोटी केबिन, कागदावर बारा माणसं. बरीच महाग आहे. त्रोगिरहून निघते, स्प्लिटहून नाही. फरक पडतो का?

खारा_वारा
त्रोगिर उलट सोयीचं, विमानतळ तिथून अगदी जवळ. घ्या. कलत नाही, आईंना फिरायला जागा आहे. मात्र आई-बाबांना केबिन द्या आणि एका जोडप्याला सलूनमध्ये पाठवा. मरिनात कॅटामरानला जास्त दर लागतो हे हिशेबात धरा. त्यावर तोडगा म्हणजे खाडीतली बोयरी, बोट बांधायचे तरंगते गोळे. कितीतरी खाड्यांत कोनोबावाल्यांची स्वतःची बोयरी असतात, रात्री त्यांच्याकडे जेवलात की बांधायचे पैसे घेत नाहीत. शेवटचं, तुम्हाला लिहितात ते भाडं अंतिम नसतं: शेवटची सफाई, चादरी, प्रवासी कर, डिझेल, अनामत किंवा तिच्याऐवजी विमा, सगळं वेगळं. एजंटकडून लेखी यादी मागा, मगच पैसे.

मार्ग साधारण असा धरा: रविवारी शोल्ताचं मास्लिनित्सा, जवळ आहे, सगळ्यांना बोटीची सवय होते. मग व्हिस. हे बेट युगोस्लाव लष्कराचं होतं, १९८९ पर्यंत परदेशी माणसाला जायला बंदी, म्हणून अजून बांधकाम कमी. डोंगरात खोदलेला पाणबुडीचा बोगदा बघा. हवा शांत असेल तर व्हिसवरच्या कोमिझाहून बिशेव्हो बेटाची निळी गुहा. आत तुमची बोट जात नाही, त्यांच्या छोट्या होडीतूनच, आणि सकाळी अकराच्या सुमाराला उजेड चांगला पडतो. पुढे पाल्मिझानाची खाडी, तिथून टॅक्सी-बोटीने ह्वार गाव बघून या, ह्वारच्या धक्क्यावर रात्र काढायचा हट्ट नको. एक रात्र ह्वार बेटावरच्याच स्तारी ग्रादला. गुरुवारी ब्राचचं मिल्ना, शुक्रवारी परत.

जुना_खलाशी
म्ल्येत राहिलं.

केदार_तळेगाव
म्ल्येत राहू दे काका. स्किपरसकट कॅटामरान, त्रोगिर ते त्रोगिर, असं एजंटला कळवतोय. यादी मागितली आहे, ती आल्याशिवाय पैसे भरणार नाही. मेव्हणा थोडा नाराज आहे, त्याला सुकाणू धरायला मिळेल ना?

मीनल_रीडिंग
स्किपर बाजूला असताना बहुतेक वेळा देतात, पहिल्या दिवशीच सांगून ठेवा. आणि व्हिसाचा अर्ज जायच्या तारखेच्या सहा महिन्यांपेक्षा आधी घेत नाहीत, पण शेवटच्या महिन्यावरही ठेवू नका. राहण्याचा पुरावा म्हणून बोटीचा करार आणि दहाही जणांची नावं असलेली क्रू लिस्ट जोडा. नावं पासपोर्टवर आहेत अगदी तशीच. आईंच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे का ते आत्ताच बघून घ्या.