१८२ दिवस, दुबई आणि तांदळातलं नाव

कोरेगावकर
काल 'विटा ते दुबई' यांनी इथं टाकलं: "परदेशी नोकरी लागली की इथला टॅक्स शून्य. वर्षात १८२ दिवस बाहेर काढा, बास. बायकोच्या व्हिसाला मॅरेज सर्टिफिकेटवर अपॉस्टिलचा शिक्का मारा, पंधरा दिवसांत ती तिकडं."

डोकं फिरलं, कारण असल्याच सल्ल्यावर मी खड्ड्यात गेलोय. दिवस मोजायचे ते बाहेरचे नाहीत, भारतातले. नोकरीसाठी निघालेल्याचे १ एप्रिलपासून इथं १८२ दिवस भरले की त्या वर्षी तो रेसिडेंट, म्हणजे बाहेरची कमाईही इथं करपात्र. सलग राहिलात तर हा आकडा २९ सप्टेंबरला भरतो. आणि साहेब, तुमच्या हिशेबानं १८२ दिवस बाहेर काढले तर १८३ दिवस घरी होतात. म्हणजे रेसिडेंटच!

माझं जॉइनिंग सप्टेंबरच्या मध्यातलं. आई म्हणाली, दसरा करून जा. कंपनी थांबली. २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला, मी १४ ला उडालो. मार्चपर्यंतचा दुबईचा सगळा पगार इथं करपात्र झाला. तिकडं पगारावर इन्कम टॅक्सच नाही, त्यामुळं वजा करायलाही काही नाही. आपट्याचं पान आख्ख्या सातारा जिल्ह्यात इतकं महाग कुणाला पडलं नसेल.

अपॉस्टिलचं तर सोडाच. तो शिक्का करारातल्या देशांतच चालतो, आणि दुबईचा देश, म्हणजे अमिराती, त्या करारातच नाही. मंत्रालयाचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा, मग त्यांच्या दूतावासाचा. पंधरा दिवस म्हणे!

विटा ते दुबई
मी जूनमध्ये गेलो. पाच वर्षं झाली, एक रुपया भरलेला नाही. आमच्याकडची पोरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली, ती काय सीएला विचारून गेली? तुमच्या आईनं थांबवलं, तर राग माझ्यावर कशाला?

आर्टिकलशिप सांगली
जूनमध्ये गेलात म्हणून वाचलात, हुशारीनं नाही. एनआरआय झालं तरी इथलं उत्पन्न इथंच करपात्र. विट्यातल्या गाळ्याचं भाडं, एनआरओ खात्याचं (एनआरआयच्या इथल्या कमाईचं खातं) व्याज, सगळं. एनआरओच्या व्याजावर बँक ३० टक्के आणि वर सेस कापते. इथलं उत्पन्न १५ लाखांच्या वर गेलं तर दुबईवाल्यांना आणखी एक कलम आहे. दुसऱ्या कुठल्याच देशात कर लागत नसेल, तर एक दिवस न येताही रेसिडेंट धरतात. तिकडचा पगार तेव्हा धरत नाहीत, एवढीच दया.

विटा ते दुबई
गाळ्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?

आर्टिकलशिप सांगली
अंदाज होता. आता खात्री झाली.

मिरजेची सून
टॅक्स, टॅक्स, टॅक्स. व्हिसावर कुणी बोलणार का? नवरा जर्मनीत, ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्यावर. त्यामुळं मला जर्मन भाषेची परीक्षा माफ. नाव मात्र माफ नव्हतं. लग्नात सासूबाईंनी तांदळात माझं नवं नाव लिहिलं. तेच पत्रिकेत, तेच ग्रामपंचायतीच्या नोंदीत. पासपोर्टवर माहेरचं. कागदोपत्री माझ्या नवऱ्याची बायको भलतीच कुणीतरी! प्रतिज्ञापत्र, राजपत्र, परत नोंद. आठ महिने गेले.

वाईकर काका
घोळ कागदांचा आणि बोल परंपरेला? सासरी प्रेमानं नवं नाव ठेवतात. आमच्या हिनं चाळीस वर्षं आनंदानं मिरवलंय.

मिरजेची सून
काका, तुमचंही ठेवलं होतं का काकूंच्या माहेरच्यांनी, प्रेमानं?

वाईकर काका
हा उर्मटपणा झाला. दोन इयत्ता शिकल्या की मोठ्यांना उलट बोलायचं.

पलूसची ताई
दोन इयत्ता? काका, जपून. आणि लग्नानंतर बाईनं पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असं नाही, पंतप्रधानांनीच २०१७ मध्ये सांगितलंय. माझ्या बहिणीनं काहीच बदललं नाही, सगळं सरळ झालं. सासूबाई वर्षभर रुसल्या, तो भाग वेगळा.

जतकर
नाव सरळ असून काय उपयोग? माझी बायको ब्रिटनमध्ये केअर वर्कर आहे. ११ मार्च २०२४ पासून त्या व्हिसावर नव्यानं गेलेल्यांना नवरा-मुलं नेताच आली नाहीत. ती त्यानंतर गेली. मी इथं पोरीच्या वेण्या घालतोय. डिपेंडंट, म्हणजे व्हिसावर सोबत जाणारं माणूस, म्हटलं की तुम्हा सगळ्यांना बायकोच दिसते.

वाईकर काका
तुम्हीच का नाही गेलात?

जतकर
नर्सिंग तिनं केलंय, काका. मी केलं असतं तर मी गेलो असतो.

मिरजेची सून
वेण्या तिपेडी की चौपेडी?

जतकर
तिपेडीच. चौपेडीला पोरगी रडते.

वाईकर काका
बरं. पत्रिकेत कंसात माहेरचं नाव छापावं, एवढं मान्य. तांदळातलं राहणारच.

विटा ते दुबई
माझंही घ्या. १८२ ऐवजी १८४ वाचा. अपॉस्टिलचं कोरेगावकरांचं खरं निघालं, एजंटला आत्ताच फोन केला. बाकी मान्य नाही.

आर्टिकलशिप सांगली
लीप वर्ष असेल तर १८५. गाळ्याचं रिटर्न कधी भरताय?

तासगाव ०७
माझं तिकीट २५ सप्टेंबरचं आहे. आई म्हणतेय घट बसवून जा. काय करू?

कोरेगावकर
फोन दे तिच्याकडं. माझ्या आईला बोलायला लावतो.