शब्दचर्चा : ‘सशर्त शाखन’ आणि ‘जर-तर’

प्रश्न : संगणनशास्त्रावरील एका लेखाचे संपादन करताना ‘सशर्त शाखन’ आणि ‘जर-तर’ हे शब्द एकाच अर्थाने योजलेले आढळले. ‘सशर्त शाखनावाचून संगणनाचे कोणतेही सर्वंकष प्रारूप उभे राहत नाही,’ असे लेखकाचे विधान आहे (सर्वंकष म्हणजे, करता येण्याजोगे कोणतेही संगणन करू शकणारे). हे शब्द समानार्थी मानावेत का, आणि ‘शाखना’ऐवजी ‘फाटा’ चालेल का?

उत्तर : समानार्थी मुळीच मानू नयेत, कारण ते विधान त्यामुळेच चुकले आहे. शाखन म्हणजे अट तपासून आज्ञांच्या ओळीतली पुढची आज्ञा सोडणे आणि दुसरीकडच्या आज्ञेवर जाणे. जर-तरमध्ये अट पाहून दोहोंपैकी एक गोष्ट ठरते एवढेच अभिप्रेत असते. ती वाट बदलून ठरते की न बदलता, याविषयी तो शब्द काहीच सांगत नाही.

जर्मन अभियंते कोनराड त्सूझे यांनी १९४१ साली बर्लिनमध्ये पूर्ण केलेले झेड-३ हे यंत्र पाहावे. त्याच्या आज्ञा छिद्रे पाडलेल्या फितीवर असत; त्यांत चारही अंकगणिती क्रिया होत्या, वर्गमूळही होते, पण सशर्त शाखन नव्हते. तरीही फितीची दोन टोके जोडून तिचे वेटोळे केले आणि स्मृतीची मर्यादा बाजूला ठेवली, तर हे यंत्र तत्त्वतः सर्वंकष ठरते, असे संगणकशास्त्रज्ञ राउल रोहास यांनी १९९८ साली दाखवून दिले. तिथे शाखनाचे काम गुणाकार करतो. अट खरी असल्यास ‘ट’ची किंमत १ आणि खोटी असल्यास ० मानली, तर ‘ट × ५० + (१ − ट) × ८०’ याचे उत्तर अनुक्रमे ५० किंवा ८० येते. दोन्ही गुणाकार दर फेरीत होतातच, फीत आपल्या क्रमाने फिरत राहते आणि नको असलेली बाजू शून्याने पुसली जाते. ही पद्धत अतिशय वेळखाऊ आहे, परंतु तिच्यात शाखन नाही आणि जर-तर मात्र पुरेपूर आहे.

‘फाटा’ मलाही मनापासून आवडतो, कारण रस्त्याला फाटा फुटतो हे चित्र इथे नेमके बसते. मात्र ‘अटीनुसार फाटा दिला’ असे कोणी लिहिले, की वाचक ‘वगळले’ असाच अर्थ घेणार.

प्रश्न : मग ट्युरिंग यंत्र, म्हणजे चौकटींच्या फितीवर चिन्हे वाचणारे-लिहिणारे ते कल्पित यंत्र, चौकटीतले चिन्ह वाचून पुढची कृती ठरवते, त्याला काय म्हणावे?

उत्तर : ‘निवड’ म्हणावे. १९३६ साली गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी मांडलेल्या त्या यंत्रात आज्ञांची ओळ नसून कोष्टक असते, आणि सद्य अवस्था व वाचलेले चिन्ह यांवरून त्यातली नोंद निवडली जाते. आपल्या लेखकाचे वाक्य मी असे दुरुस्त करीन : ‘सर्वंकष प्रारूपात पुनरावृत्तीची आणि माहितीनुसार निवड करण्याची काही ना काही सोय लागते, सशर्त शाखन हा त्या निवडीचा एक मार्ग आहे.’