तुमचं शेवटचं सेव्ह कुठं अडकलंय? (अनुभव धागा)

दिवाळीची साफसफाई. माळ्यावरून पिशवी उतरवली तर आत टॉवेलात गुंडाळलेला जांभळा गेमबॉय कलर, हातात धरून गेम खेळायचं जुनं यंत्र. सोलापूरच्या घरात वस्तू गुंडाळायला टॉवेल कमी पडत नाहीत. दोन पेन्सिल सेल घातले आणि चालू झाला की हो! पोकेमॉन गोल्डचं संगीत वाजलं. मी ओरडणार तेवढ्यात पडद्यावर दोनच ओळी आल्या : 'न्यू गेम' आणि 'ऑप्शन'. 'कंटिन्यू', म्हणजे सेव्ह केलेला जुना खेळ पुढे चालवायची ओळ, गायब. सातवी-आठवीची दोन वर्षं गेली.

झालं असं की, या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात खुपसायच्या गेमच्या वडीत, आपला खेळ ज्या मेमरीत राहतो, ती एका बटण सेलवर जगते. गोल्डमध्ये त्याच सेलवर घड्याळही चालतं. खेळात खरी रात्र पडते, वार बदलतात. म्हणून तो सेल आधीच्या पोकेमॉन रेड-ब्लूपेक्षा लवकर संपतो. १९९९ चा खेळ, त्यानं तरी किती दम काढावा?

तर सोलापूरकरांनो, लिहा. हातातल्या जुन्या यंत्रावर तुम्ही कुठली रोल-प्लेइंग किंवा ॲडव्हेंचर गेम खेळलात आणि कुठं अडकलात? गड्ड्याच्या जत्रेतला ब्रिक गेम चालणार नाही. विटा रचणं हे साहस नव्हे.

पूर्वभागकर

ब्रिक गेमला नावं ठेवू नका, आमची सुरुवात तिथूनच आहे. असो.

माझा पोकेमॉन ब्लू. मामा आखातात होते, त्यांनी आणलेला. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्हीची खिचडी, आणि गेममध्ये सगळं इंग्रजी. सॅफ्रन नावाच्या शहरात शिरायला गेलो की गेटवरचा पहारेकरी अडवायचा आणि 'थर्स्टी' असं काहीतरी म्हणायचा. मी वाचलं 'थर्सडे'. म्हटलं बरोबर आहे, गुरुवार म्हणजे स्वामींचा वार, याचा उपास असेल. आमच्याकडे गुरुवारी निम्मी गल्ली अक्कलकोटला जाते, मग याचाही काही नेम असणारच. तीन गुरुवार मी अंघोळ करून, देवाला नमस्कार करून त्या गेटवर गेलो. हालेना बे तो!

शेवटी शिकवणीच्या ताईंनी सांगितलं, अरे, त्याला तहान लागलीय. दुसऱ्या गावातल्या दुकानाच्या गच्चीवर मशीन आहे, तिथून थंड घेऊन पाजलं की सोडतो. चार दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावातल्या पोराला तहान कळली नाही, यावर घरचे अजून हसतात.

अडकलो मात्र वेगळीकडंच. हाँटर नावाच्या पोकेमॉनचा पुढचा अवतार गेंगार व्हायला दुसऱ्या गेमबॉयशी केबल जोडून अदलाबदल करावी लागते. अख्ख्या अशोक चौकात दुसरा गेमबॉय नव्हता. माझा हाँटर हाँटरच राहिला.

भर_उन्हात

माझी केस उलटी आहे. सगळ्या देशाला जी गेम अवघड गेली ती मला सोलापुरामुळं सोपी गेली.

बोकताई, २००३, गेमबॉय कलरनंतर आलेल्या गेमबॉय ॲडव्हान्सवर. करणारा जपानचा नावाजलेला गेम-निर्माता हिदेओ कोजिमा. कार्ट्रिजलाच सूर्यप्रकाश मोजणारा सेन्सर आहे. तुमच्यावर खरं ऊन पडलं तरच हिरोची बंदूक भरते. व्हॅम्पायरला हरवून भागत नाही, त्याची शवपेटी ओढत अंगणात आणायची आणि उन्हानं त्याला जाळायचं. बाहेर ढग असले की बसा हात चोळत.

चुलतभावानं पुण्याहून पाठवली. तो पावसाळ्यात कंटाळला होता. मी ती एप्रिल-मेमध्ये विजापूर रोडच्या आमच्या गच्चीवर खेळलो. मीटर कायम भरलेला. गंमत म्हणजे ऊन जास्त झालं तर गेममधली बंदूक तापून बंद पडते. म्हणजे बनवणाऱ्यांनी सोलापूरचाही विचार केला होता म्हणायचा. दुपारी एकला आजी जिन्यातून ओरडायची, "काय करायलास रे वर? डोकं फिरंल की!" मी म्हणायचो, भूत जाळायलोय. ती दृष्ट काढायची.

अडकलो नाही. संपवली. नाकाचं साल निघालं.

धाकटी

इथं सगळे दादाच दिसतायत, म्हणून लिहिते. गेमबॉय भावाचा, हात लावायची परवानगी नाही. तो क्रिकेटला पार्क मैदानावर गेला की मी त्याची झेल्डा, 'लिंक्स अवेकनिंग', काढायची. त्या बेटावर दुकान आहे आणि तिथला धनुष्यबाण ९८० रुपी. हो, चलनाचं नावच रुपी आहे. मला वाटायचं आपल्यासाठीच केलंय. भावानं गवत कापून कापून पैसे साठवत आणले होते.

दुकानदाराभोवती गोल फिरलं आणि त्याची पाठ वळली की वस्तू घेऊन पळता येतं, हे मी शोधून काढलं. पळाले. फार हुशार वाटलं. पण चोरी केली की गेम तुमचं नाव बदलून 'थीफ' करते, कायमचं. पुढे भेटेल तो माणूस त्याच नावानं हाक मारतो. आणि परत त्या दुकानात पाऊल टाकलं की दुकानदार विजेनं जागेवर मारतो.

भाऊ संध्याकाळी आला, गेम लावली आणि सगळं बेट त्याला चोर म्हणायला लागलं. दोन दिवस तो म्हणत होता, मी काहीच केलं नाही. मी शेंगाचटणी-भाकरी खात गप्प. आज पहिल्यांदा कबूल करतेय. दादा, वाचत असशील तर राखीला ये, बोलू.

हुतात्माचा_पासधारक

गोल्डन सन, गेमबॉय ॲडव्हान्सवरची रोल-प्लेइंग गेम. पहिल्या भागातली टीम दुसऱ्या भागात न्यायची तर केबल हवी, नाहीतर पासवर्ड. सगळं न्यायचं असेल तर पासवर्ड २६० अक्षरांचा! केबल आमच्याकडं नव्हती. पुण्याला जाताना हुतात्मा एक्सप्रेसमध्ये कुर्डुवाडी सुटल्यावर सुरू केलं : मित्र वाचतोय, मी मेसच्या हिशोबाच्या वहीत लिहितोय. "मोठा एस, लहान क्यू, टक्के, डॉलर..." समोरच्या काकांनी विचारलं, बँकेची परीक्षा का? दौंडपर्यंत लिहून झालं. भरला, तर चूक. माझ्या अक्षरात मोठा एस आणि लहान एस सारखेच येतात. पुन्हा पहिल्यापासून. पुणे आलं तरी झालं नव्हतं.

आता बाजारात मिळणाऱ्या त्या छोट्या चिनी रेट्रो कन्सोलवर हीच गेम आहे, कुठंही थांबून सेव्ह होते. सोय आहे, पण मी तीन आठवड्यांत एकदाही हरलो नाही आणि मग कंटाळून ठेवून दिली.

स्क्रूवाला

धागाकर्त्यास : सेल बदलता येतो. गोल्डला सीआर २०२५ लागतो, पण कडेला पत्र्या जोडलेला घ्या. नुसता सेल चिकटपट्टीनं बसवाल तर खिशातून काढतानाच सेव्ह जाईल. कार्ट्रिजचा स्क्रूही साधा नसतो, त्याला ३.८ मिमीचा वेगळा बिट लागतो. ज्यांचं सेव्ह अजून जिवंत आहे त्यांनी आधी ते कार्ट्रिज वाचणाऱ्या रीडरनं कॉम्प्युटरवर उतरवा, सेल काढला की सगळं पुसलं जातं. गेमबॉय ॲडव्हान्सवरच्या पोकेमॉन रुबी-सफायरवाल्यांनी घाबरू नये. त्यात सेव्ह वेगळ्या मेमरीत असतं, सेल गेला तर फक्त घड्याळ थांबतं.

धागाकर्ता

धन्यवाद. बिट नवी पेठेत चार दुकानांत विचारला, चौथ्यानं "घड्याळवाल्याकडं बघा" म्हणून पाठवलं, त्यानं परत पहिल्याकडं. ऑनलाइन मागवलाय.

तोवर धीर धरवेना म्हणून नवीन खेळ सुरू केला. सेव्ह होत नाही, म्हणून यंत्र बंदच करायचं नाही असं ठरवलं. रात्रभर उशाशी चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खेळातला दुसरा बॅज मिळाला आणि मी चहाला उठलो. परत आलो तर पडदा काळा.

आई म्हणाली, "लाल दिवा उगाच जळायलाय म्हणून बंद केलं."